शाळा दुपारची नको, संध्याकाळची बघा

यावेळी पत्रांच्या गठ्ठ्यात पाच पत्रं जवळजवळ एकाच विषयावरची निघाली. इंग्लंडला फिरायला जायचं ठरलंय, आणि जातोच आहोत तर मुलांना तिथली एखादी बोर्डिंग स्कूल पण दाखवून आणावी असं घरात चाललंय. मी इंग्लंडमधल्या एका शाळेत मुलींच्या बोर्डिंग हाऊसमध्ये सहा वर्षं मेट्रनच्या, म्हणजे मुलींचं रोजचं बघणाऱ्या बाईंच्या, हाताखाली काम केलंय, कपडे, औषधं, आजारी मुलींच्या उशाशी बसणं, रात्रीची हजेरी, सगळं, त्यामुळे या विषयावर लिहायला बसले की हात थांबत नाही. उत्तरं लांबली असतील तर सांभाळून घ्या.

प्रश्न : आम्ही मेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत लंडनला जातोय, धाकटे दीर तिथे असतात. मुलीची नुकतीच नववी झाली. दीर म्हणतात अकरावीपासून तिला इकडे बोर्डिंगला पाठवा, आलाच आहात तर एक-दोन शाळा बघून घ्या. आमचे मिस्टर म्हणतात विंडसरचा किल्ला बघायला जाणारच आहोत तर शेजारचं इटन बघू. असं सहज जाता येतं का, व्हिसा वेगळा लागतो का? आणि आत्ताच दाखवलं तर तिच्या डोक्यात उगाच काहीतरी भरेल अशी मला भीती वाटते. — एक आई

उत्तर : ताई, आधी इटनचं सांगते. इटन ही फक्त मुलग्यांची शाळा आहे, तेरा ते अठरा वयाची तेराशेच्या वर मुलं आणि सगळी तिथेच राहणारी, तुमच्या लेकीला तिथे प्रवेशच नाही. १४४० साली सहाव्या हेन्री राजाने काढलेली शाळा, किल्ला बघून झाला की थेम्सवरचा पूल ओलांडून पायीच जाता येतं, टर्म चालू असेल तर लांब शेपटीचे काळे कोट घातलेली मुलं हातात फायली घेऊन वर्गाकडे पळताना दिसतात, ते जरूर बघा. पर्यटकांसाठी तिथे ठराविक दिवशी टूर पण असतात. पण ती टूर इतिहास दाखवते, मुलं तिथे कशी राहतात ते त्यातून कळत नाही. तुम्हाला हवीये ती अ‍ॅडमिशन ऑफिसमार्फत ठरवलेली भेट, आणि ती अशी वाटेत जाता जाता होत नाही. शाळेच्या वेबसाइटवर फॉर्म असतो, तो भरायचा किंवा सरळ ईमेल करायचा, मुलीचं वय, इयत्ता, कुठल्या वर्षी यायचा विचार आहे, आणि आम्ही अमुक तारखांना तिथे आहोत एवढं लिहायचं. महिना-दीड महिना आधी लिहिलंत तर बहुतेक जण वेळ देतात.

आता तारखा बघा. मेचा शेवटचा सोमवार तिकडे बँक हॉलिडे, आणि तो आठवडा म्हणजे हाफ टर्मची, म्हणजे टर्मच्या मधली सुट्टी, शाळा रिकाम्या. तुमच्या दोन आठवड्यांतला एक आठवडा नेमका तोच आहे, म्हणजे शाळेची भेट आधीच्या आठवड्यात बसवा आणि एडिंबरा, लेक डिस्ट्रिक्ट वगैरे जे काय असेल ते नंतर ठेवा. मे-जूनमध्ये जीसीएसई आणि ए लेव्हलच्या, म्हणजे साधारण आपल्या दहावी-बारावीसारख्या परीक्षाही चालू असतात, त्यामुळे मोठ्या मुली ओढलेल्या चेहऱ्याने पुस्तकं छातीशी धरून फिरताना दिसतील, त्यावरून शाळा दुःखी आहे असं ठरवू नका. आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर जाऊच नका शाळा बघायला. तेव्हा त्याच इमारतींमध्ये बाहेरच्या कंपन्यांचे इंग्लिश शिकवायचे समर कॅम्प भरतात, खिदळणारी मुलं दिसतात आणि लोकांना वाटतं किती छान शाळा आहे, पण ती मुलं त्या शाळेची नसतातच.

व्हिसाचं सोपं आहे. शाळा बघायला किंवा प्रवेशाचा इंटरव्ह्यू द्यायला वेगळा व्हिसा लागत नाही, फिरायला म्हणून जो स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा काढताय तोच चालतो, फक्त शाळेला भेट देणार आहोत हे फॉर्ममध्ये आणि एअरपोर्टवर विचारलं तर मोकळेपणाने सांगा, शाळेचा ईमेल छापून जवळ ठेवा. मात्र त्या व्हिसावर गेलेली मुलगी तिथूनच शाळेत दाखल होऊ शकत नाही. त्यासाठी इकडे परत येऊन चाइल्ड स्टुडंट व्हिसा काढावा लागतो, तो ४ ते १७ वयाच्या मुलांना मिळतो, शाळा खासगी हवी आणि परदेशी मुलं घ्यायचं सरकारी लायसन्स तिच्याकडे हवं. तिथे सरकारी बोर्डिंग शाळा पण आहेत, शिकवणं फुकट आणि फक्त राहण्या-जेवणाचे पैसे, हे ऐकून लोक खूश होतात, पण त्या तिथे राहण्याचा हक्क असलेल्या मुलांसाठीच आहेत, आपल्याला त्यात वेळ घालवून उपयोग नाही. (आणि नावांचा घोटाळा होतो म्हणून सांगते, तिकडे पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी नव्हे, उलट जुन्या महागड्या खासगी शाळांनाच पब्लिक स्कूल म्हणतात.)

वयाचं गणित घरीच करून जा. ज्या सप्टेंबरला जायचंय त्याच्या आधीच्या ३१ ऑगस्टला १६ पूर्ण झालेली मुलं इयर ट्वेल्व्हमध्ये, म्हणजे आपल्या अकरावीच्या जागी, ए लेव्हलच्या पहिल्या वर्षात जातात. तुमच्या मुलीचा वाढदिवस ऑक्टोबर-नोव्हेंबरचा असेल तर ती वयाने इयर इलेव्हनमध्ये बसते, आणि तिकडचा जीसीएसईचा कोर्स दोन वर्षांचा असतो, तो अर्धा झाल्यावर मध्येच घुसायचं म्हणजे पोरीचे हाल. अशा वेळी शाळा एक वर्षाचा तयारीचा कोर्स देते का किंवा दहावीच्या जोरावर एक वर्ष पुढे घेते का हे भेटीत विचारायचं. अकरावीच्या प्रवेशाच्या टेस्ट बऱ्याच शाळांमध्ये आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरच्या आसपास असतात, त्यामुळे नववीच्या सुट्टीत बघायला जाणं अजिबात लवकर नाही, खरं तर हीच वेळ आहे.

राहता राहिलं डोक्यात भरण्याचं. ताई, काका रोज जेवणाच्या टेबलावर बोर्डिंगचं बोलणार म्हणजे तिच्या डोक्यात ते शिरलेलंच आहे, फक्त ते फोटोतलं आहे, हिरवं मैदान आणि टॉवर. प्रत्यक्ष बघितलं की ते खरं होतं, म्हणजे कॉरिडॉरचा वास येतो, पलंग किती अरुंद आहे ते दिसतं. त्यासाठी माझी एकच विनंती आहे आणि ती मी प्रत्येकालाच करते, सकाळी अकराची किंवा दुपारी दोनची वेळ घेऊ नका, साडेचार ते सहाची मागा. दुपारी तुम्हाला लॅब, थिएटर, स्विमिंग पूल दाखवतील, ते सगळीकडे चांगलंच असतं. मुलगी तिथे लॅबमध्ये राहणार नाहीये, हाऊसमध्ये राहणार आहे, आणि हाऊस दुपारी रिकामं असतं, झाडून पुसून ठेवलेलं. साडेचारला मुली परत येतात. दप्तरं जिन्याखाली फेकलेली, टोस्टरपाशी रांग, कुणाचे पोहून आल्याने ओले केस, कुणी जिन्याच्या पायरीवर बसून फोनवर आईशी भांडतंय, कुणी एकटीच कोपऱ्यात मोजे जुळवत बसलीये. तिथे पंधरा मिनिटं नुसतं उभं राहायचं. हाऊसमिस्ट्रेस, म्हणजे हाऊसच्या प्रमुख बाई, आत आल्यावर मुली गप्प होतात की तिला काहीतरी सांगायला धावतात, एवढं बघितलं तरी खूप कळतं.

तुम्ही मेमध्ये जाताय, तिकडे तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो, सगळं सुंदर दिसतं. मुलीला आठवणीने सांगा की डिसेंबरमध्ये लंडनला चारच्या आत सूर्य मावळतो आणि खेळून परत येते तेव्हा मिट्ट काळोख असतो. आणि फोनचा हिशोब पण आत्ताच करा. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे, हिवाळ्यात साडेपाच. तिची प्रेप, म्हणजे संध्याकाळचा अभ्यासाचा तास, संपून ती रात्री नऊला मोकळी होईल तेव्हा तुमच्याकडे मध्यरात्रीचा दीड किंवा अडीच. आमच्या हाऊसमध्ये एक मुलगी रोज सकाळी नाश्त्याआधी, सात वाजता, बूट घालता घालता घरी बोलायची, फोन स्पीकरवर जमिनीवर ठेवलेला आणि ही लेस बांधतीये. तिच्या घरच्यांनी ती वेळ पहिल्या दिवसापासून ठरवून दिली होती, आणि घरी फोन कधी लागणार याची काळजी तिला कधीच करावी लागली नाही.

प्रश्न : माझं वय १३, आठवी झाली. बाबांनी तीन शाळांच्या अपॉइंटमेंट घेतल्यात, त्यातली एक नेहरू शिकले ती हॅरो. बाबा म्हणतात तूच बोलायचं, आम्ही मागे उभे राहू. मी इंग्लिश मीडियमचा आहे पण तिकडच्या लोकांशी बोलताना माझी बोबडी वळते. ते इंटरव्ह्यू घेतील का? मी काय विचारू? — एक मुलगा

उत्तर : अरे, तुझ्या बाबांनी हे फार चांगलं केलंय, मागे उभं राहणं सगळ्या बाबांना जमत नाही. माझ्या सहा वर्षांत मी कितीतरी कुटुंबं हाऊस बघायला आलेली पाहिली, आणि बहुतेक वेळा वडील रिझल्ट विचारत, आई जेवण विचारे आणि मूल भिंतीवरचे फोटो बघत मागे मागे चालायचं. एकदा एक मुलगी अशीच मागे राहून नोटीस बोर्डावरचं धोब्याच्या कपड्यांचं वेळापत्रक वाचत होती, आणि तिने हळूच विचारलं, आठवड्यात दोनदाच कपडे धुतात तर मोजे किती जोड आणायचे? मेट्रनने कपाट उघडून तिला नाव शिवलेली जाळीची पिशवी दाखवली, सांगितलं दहा जोड आण, तरी चार हरवतील. ती मुलगी सप्टेंबरला आली तेव्हा मेट्रनला ती लांबूनच ओळखू आली. तेव्हा प्रश्न मोठा किंवा हुशारीचा असायला हवा असं मुळीच नाही, तुला खरंच जे जाणून घ्यायचंय ते विचार.

पहिल्या भेटीत बहुतेक ठिकाणी इंटरव्ह्यू नसतो, कुणीतरी पाच-दहा मिनिटं गप्पा मारतं, काय आवडतं, काय वाचतोस, कुठला खेळ. तेव्हा जे खरंच करतोस तेच सांग, क्रिकेट आवडत नसेल तर आवडतं म्हणू नकोस, नाहीतर पुढचा प्रश्न त्यावरच येतो. बोलणं कळलं नाही तर परत सांगाल का म्हण, तिथली मुलं पण एकमेकांना सारखं तेच विचारत असतात, शाळेत कितीतरी देशांची मुलं असतात, उच्चारांची लाज तिथे कुणाला वाटत नाही.

टूर बऱ्याचदा तिथलाच एखादा मोठा मुलगा देतो. तुझी खरी संधी ती आहे, कारण मोठी माणसं चार पावलं मागे असतात. त्याला विचार की रविवारी शाळेत किती मुलं असतात. हा प्रश्न अजिबात विसरू नकोस. कित्येक शाळांमध्ये बोर्डर म्हणून शंभर मुलं असतात पण त्यातली जवळ राहणारी शनिवारी दुपारी घरी जातात, काही नुसती आठवड्याची बोर्डर असतात, आणि रविवारी उरतात ती तुझ्यासारखी लांबची आठ-दहा मुलं आणि एक टीव्ही. जिथे सगळीच मुलं राहतात, हॅरो तशी आहे, तिथे रविवार वेगळा असतो. मग विचार, तू नवीन होतास तेव्हा पहिल्या आठवड्यात कोणी काय दाखवलं, रात्री ताप आला तर कुणाचं दार वाजवायचं, खोलीत किती जण, फोन रात्री काढून घेतात का, रग्बी नको असेल तर दुसरं काय करता येतं, बाथरूम किती जणांत एक. आणि एक प्रश्न बाबांनी हाऊसमास्टरना विचारावा, शाळेबाहेरचं असं कोण आहे ज्याच्याशी मूल परस्पर बोलू शकतं. इंग्लंडमधल्या बोर्डिंगच्या सरकारी नियमांप्रमाणे असं माणूस असावंच लागतं, त्याचा नंबर मुलांना माहीत असावा लागतो. ज्या शाळेत या प्रश्नावर लगेच नाव सांगतात आणि फोनजवळ चिकटवलेला कागद दाखवतात तिथे मला बरं वाटतं.

हॅरोबद्दल थोडं. १५७२ ची शाळा, लंडनच्या वायव्येला टेकडीवर, मेट्रोपॉलिटन लाईनने हॅरो ऑन द हिल स्टेशनला उतरून वर चढायचं. नेहरू तिथे १९०५ ते १९०७ होते, गेले तेव्हा पंधरा वर्षांचे होते, तुझ्याहून थोडेच मोठे. बाबांना एक सांग, अशा मोठ्या नावाच्या काही शाळांमध्ये तेराव्या वर्षी मिळणाऱ्या प्रवेशाची नोंदणी दोन-तीन वर्षं आधीच बंद झालेली असते, तेव्हा अपॉइंटमेंट आहे म्हणजे जागा आहे असं नाही, सोळाव्या वर्षी परत दार उघडतं का ते त्यांनी विचारून ठेवावं.

गेटवर सही करून गळ्यात व्हिजिटरचा बिल्ला घालावा लागेल, आणि आत मुलांचे फोटो काढायचे नाहीत, व्हिडिओ पण नाही. हा मुलांच्या सुरक्षिततेचा नियम आहे, मामा-मावशीला दाखवायला म्हणून सुद्धा नाही. त्यापेक्षा एक छोटी वही ने आणि प्रत्येक शाळेतून बाहेर पडल्यावर ट्रेनमध्ये बसल्या बसल्या पाच ओळी लिही, कारण तिसऱ्या शाळेपर्यंत पहिलीतला जिना आणि दुसरीतली लायब्ररी एकमेकांत मिसळून जातात.

प्रश्न : नातीच्या शाळा बघायच्या कार्यक्रमात आम्ही आजी-आजोबांनी पण जावं का? सून म्हणते चला, मुलगा म्हणतो गर्दी होईल. आणि शुद्ध शाकाहारी मुलीचं तिथे कसं होतं? — एक आजी

उत्तर : आजी, जरूर जा, फक्त शाळेला किती जण येतोय ते आधी कळवायला सांगा. आणि हाऊसच्या आत जाताना तुम्ही दोघं खाली बैठकीच्या खोलीत थांबा, नातीला आई किंवा बाबा एकाबरोबरच वर जाऊ द्या. पाच माणसं खोलीत शिरली की आतल्या मुली संकोचतात आणि मग नातीला काहीच खरं दिसत नाही. शाकाहारी जेवण तिथे रोज असतं, त्याची अडचण नाही, पण नुसतं मिळतं का हे विचारू नका, गेल्या आठवड्याचा मेन्यू मागा. सात दिवसांतले पाच दिवस चीज पास्ताच दिसला तर त्याच वेळी बोलता येतं. हाऊसच्या छोट्या किचनमध्ये मुलींना स्वतः काही करून घेता येतं का, स्वतःच्या डब्यातली चटणी, लोणचं ठेवायला कपाट आहे का, हे तुम्हीच विचारा, तुम्हाला ते सुनेपेक्षा चांगलं सुचेल.

प्रश्न : एप्रिलमध्ये सहलीत मुलाला घेऊन एक शाळा बघून आलो. सगळ्यांना आवडली. आता इथला एजंट रोज फोन करतोय की आठवड्याभरात डिपॉझिट भरा नाहीतर सीट जाईल, पैसे त्याच्या खात्यात भरायला सांगतोय. शाळेकडून अजून कागद आलेला नाही. काय करावं? — एक वडील

उत्तर : भरू नका. शाळेचं स्वतःचं ऑफर लेटर हातात येईपर्यंत एक पैसा नाही, आणि आल्यावर पण पैसे शाळेच्या खात्यात, तो खाते नंबर तुम्ही शाळेला स्वतः फोन करून ताडून बघितलेला. भेट घेतलीत ना, मग अ‍ॅडमिशनमधल्या ज्या बाईंशी बोललात त्यांना आजच लिहा की ऑफर निघाली आहे का आणि शेवटची तारीख काय. एजंटला बऱ्याच वेळा शाळेकडून कमिशन असतं, त्यात गैर नाही, चांगले एजंट पण असतात, पण घाई त्याची आहे का शाळेची आहे ते शाळेकडूनच कळेल.

पैशाचं पूर्ण चित्र पण आत्ताच मांडा, कारण भेटीच्या दिवशी त्यावर कुणी फार बोलत नाही. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागतो, शिकवण्यावरही आणि राहण्यावरही, त्यामुळे जुन्या माहितीपत्रकातले आकडे धरून चालू नका. काही मोठ्या नावाच्या शाळांची फी व्हॅट धरून वर्षाला ६०,००० पौंडांच्या वर गेली आहे, लहान शाळा त्याहून कमी घेतात. याशिवाय गार्डियन. आईवडील परदेशात असले की शाळा तिथे राहणारा गार्डियन मागते, कारण हाफ टर्मला आणि एक्सिअॅटच्या वीकएंडला, म्हणजे टर्मच्या मध्ये ज्या शनिवार-रविवारी हाऊस बंद असतं तेव्हा, मुलाला कुठेतरी जावं लागतं. नातेवाईक असेल तर उत्तम, पण तो खरंच दर वेळी स्टेशनवर उभा राहणार आहे का हे त्याच्याशी स्पष्ट बोला, भिडेखातर हो म्हटलेल्या माणसाकडे मूल पाठवू नका. नातेवाईक नसेल तर गार्डियन कंपनी लागते, त्यांची तपासणी करून मान्यता देणारी एजिस नावाची संस्था आहे, तिच्या यादीतली घ्या.

सही करण्याआधी नोटीसचं कलम वाचा. मूल काढायचं झालं तर बहुतेक शाळांना एक पूर्ण टर्म आधी लेखी कळवावं लागतं, नाहीतर त्या टर्मची फी द्यावी लागते. डिसेंबरमध्ये मूल रडत घरी आलं आणि आईवडील या कलमापायी त्याला परत पाठवतायत असं मी बघितलंय, म्हणून हे इतकं जोर देऊन लिहितेय. शाळेचा इन्स्पेक्शन रिपोर्ट पण वाचा, यातल्या बहुतेक शाळांचे आयएसआय ही खासगी शाळा तपासणारी संस्था करते, फुकट बघायला मिळतात, आणि त्यातला बोर्डिंगबद्दलचा भाग आधी वाचा, अभ्यासाचा नंतर.

प्रश्न : मागच्या जूनमध्ये आम्ही फिरायला गेलो तेव्हा शाळा बघितली. आई-बाबांना फारच आवडली, मला पण आवडली, खोटं नाही सांगत, लायब्ररी तर खूपच. पण त्या रात्री हॉटेलवर मला खूप रडू आलं आणि का ते कळलंच नाही. मग टेस्ट दिली, पास झाले, ऑफर आली. आता दोन आठवड्यांत हो-नाही कळवायचंय. घरात सगळे आनंदात आहेत. मी नाही म्हटलं तर त्यांचं मन मोडेल, आणि मला नाहीच म्हणायचंय का ते पण माहीत नाही. — वय १५

उत्तर : बाळा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. रडू आलं म्हणजे नको असा अर्थ होत नाही, आणि हवंच आहे असाही होत नाही. त्या दिवशी तू पहिल्यांदा तो पलंग बघितलास ज्यावर झोपताना शेजारच्या खोलीत आई नसणार, त्याचं रडू होतं ते, आणि ते बहुतेक सगळ्यांना येतं, कुणाला भेटीच्या रात्री, कुणाला पहिल्या ऑक्टोबरमध्ये.

माझ्या हाऊसमध्ये एकाच वर्षी परदेशातून दोन मुली आल्या होत्या. एक पहिले तीन आठवडे बॅग उघडायचीच नाही, कपडे बॅगेतूनच काढायची, कपाट रिकामं. आम्ही काही बोललो नाही. चौथ्या आठवड्यात एका रविवारी दुपारी बघितलं तर तिने सगळं कपाट लावून टाकलं होतं आणि रिकामी बॅग माझ्याकडे आणून दिली, माळ्यावर टाका म्हणाली. दुसरी पहिल्या दिवसापासून हसतमुख, सगळ्यात भाग घेणारी, सगळ्यांना वाटलं हिचं छान चाललंय, आणि ख्रिसमसच्या सुट्टीला घरी गेली ती परत आलीच नाही. तिच्या आईचं पत्र आलं, मुलगी घरी बरी आहे, पुन्हा जुन्या शाळेत जातेय. आम्हाला वाईट वाटलं ते एवढ्याचंच की ते तीन महिने ती कुणालाच काही बोलली नव्हती.

म्हणून तू बोल. आई-बाबांना हो किंवा नाही सांगायची गरज नाही अजून, एवढंच सांग की मला त्या रात्री रडू आलं होतं आणि मला अजून ठरवता येत नाहीये. आधी बाबांना सांगणं सोपं वाटत असेल तर बाबांना, आजीला वाटत असेल तर आजीला. त्यांचं मन मोडेल ही तुझी भीती आहे, पण तुझ्या आई-बाबांच्या जागी मी असते तर मला हे सप्टेंबरनंतर नाही, आत्ता ऐकायला आवडलं असतं.

या दोन आठवड्यांत करण्यासारखं पण बरंच आहे. शाळेला कळव की गेल्या वर्षी परदेशातून आलेल्या एखाद्या मुलीशी व्हिडिओ कॉलवर बोलायचंय, मोठं कुणी शेजारी नको, चांगल्या शाळा हे करून देतात. तिला सप्टेंबरचं विचारू नकोस, नोव्हेंबरचं विचार, तेव्हा नवलाई संपलेली असते आणि थंडी सुरू झालेली असते. दोन आठवडे कमी वाटतायत तर मुदत वाढवून मिळेल का विचार, त्यात चुकीचं काही नाही, लोक मागतात. एक-दोन रात्री हाऊसमध्ये राहून बघता येतं का ते पण विचार, काही शाळा राहू देतात.

ऑफरच्या कागदांमध्ये हाऊसमिस्ट्रेसचं नाव आणि ईमेल असेल. तिला तू स्वतः लिही, आईच्या ईमेलवरून नको, तुझ्या. इंग्लिशमध्ये सुचत नसेल तर आधी मराठीत लिही आणि मग कर. त्यात हॉटेलवरच्या रडण्याचं पण लिही. ती काय उत्तर देते, किती दिवसांनी देते, तुला लिहिते की आईला, ते नीट बघ, आणि मग मला परत पत्र टाक.